वसईहून नागासाकीला: संत गोन्सालो गार्सिया



५ फेब्रुवारी २०१९ हा दिवस इथे राहणाऱ्या बहुतेकांना आठवत असेल. अबुधाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीमध्ये पोप फ्रान्सिस यांनी मिस्सा अर्पण केला. अरबी द्वीपकल्पावर पोपनी अर्पण केलेला तो पहिलाच मिस्सा. स्टेडियमच्या आत आणि बाहेर मिळून लाखाहून जास्त माणसे जमली होती. मध्यरात्रीपासूनच दुबई-शारजाहून बसेस सुटत होत्या आणि आमच्या ऑफिसात त्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

आमच्या टीममधला एक वसईकर सहकारी दुसऱ्या दिवशी तारवटलेल्या डोळ्यांनी पण अतिशय खुशीत कामावर आला. चहा घेताना तो सहज बोलून गेला, की पोप आले हे तर आहेच, पण कालचा दिवस आमच्या गोन्सालोचा होता. कोण गोन्सालो, असे मी विचारले आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याचे बघणे चुकीचे नव्हते, कारण मी मूळचा भाईंदरचा. खाडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे नायगाव आणि वसई. लोकलने जेमतेम दोन स्टेशने!

वसईच्या किल्ल्यात मी किमान दहा वेळा गेलो असेन. शाळेच्या सहलीत, मग इंजिनिअरिंग कॉलेजच्या टोळक्याबरोबर आणि नंतर घरच्यांना घेऊन. प्रत्येक वेळी मनात एकच गोष्ट असायची, चिमाजी आप्पांची मोहीम. किल्ल्यातल्या चर्चच्या उंच दर्शनी भिंती आमच्या लेखी फोटो काढायची जागा होत्या. त्यातल्या एका चर्चच्या आसऱ्याला शिकलेला मुलगा पुढे संत झाला, हे कळायला मला दुबईला यावे लागले. त्यानंतर हाताला लागेल ते वाचत गेलो. त्यातून जमलेली ही हकिगत मंडळाच्या वाचकांसाठी.

किल्ल्यातला मुलगा

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. तिथून पुढे दोनशे वर्षे वसई हे त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताचे मुख्य ठाणे होते. तटबंदीच्या आत वाडे, दवाखाने, बाजार आणि वेगवेगळ्या धर्मसंघांची चर्चेस असे एक भरलेले शहरच वसले. या शहरात १५५७ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. (काही ठिकाणी १५५६ असेही दिले आहे.) वडील पोर्तुगीज शिपाई आणि आई इथलीच, वसईची. म्हणजे घरात बापाची पोर्तुगीज आणि आईची कोकण किनाऱ्यावरची बोली, अशा दोन भाषा त्याच्या कानावर पडल्या असणार. पुढच्या सगळ्या आयुष्यात त्याला हीच शिदोरी कामाला आली, असे माझे मत आहे. दोन भाषांत वाढलेल्या पोराला तिसरी जड जात नाही, हे आपण आपल्या मुलांकडे बघून रोजच अनुभवतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पोर्तुगीजांच्या त्या काळातल्या कारभाराबद्दल आपण शाळेत जे शिकलो ते खोटे नाही. देवळे पाडली गेली, बळजबरी झाली, १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले. तेव्हा गोन्सालो तीन-चार वर्षांचा असेल. या कहाणीला ती पार्श्वभूमी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पण त्या कारभाराचा जाब या मुलाला विचारणेही बरोबर नाही. त्या राज्यात त्याची स्वतःची जागा किती डळमळीत होती, ते पुढे येईलच.

किल्ल्यातल्या येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरूंकडे तो सुमारे आठ वर्षे शिकला. त्या संघाचे नाव आपल्याला गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्यामुळे ठाऊक असते. झेवियर वसईलाही येऊन गेले होते आणि १५४९ साली ते जपानला पोचले. त्यामुळे वसईच्या त्या शाळेत जपान हे नाव परके नसणार. सेबास्तियांव गोन्साल्विस नावाच्या एका धर्मगुरूंनी १५७२ साली जपानला निघताना या हुशार मुलाला बरोबर घेतले. तेव्हा गोन्सालो पंधरा वर्षांचा होता.

आपण इथून मुंबईला तीन तासांत पोचतो आणि तरी विमानातल्या जेवणावरून कुरकुर करतो. त्या काळी गोवा, मलाक्का, मकाव आणि मग जपान अशी मजल-दरमजल करत, प्रत्येक टप्प्यावर वाऱ्याची दिशा फिरायची वाट बघत जावे लागे. वर्ष-वर्ष सहज मोडायचे. पंधराव्या वर्षी निघालेला हा मुलगा वसईला पुन्हा कधीच आला नाही.

नकार आणि धंदा

जपानात त्याने धर्मगुरूंचा मदतनीस म्हणून काम केले. लोकांना धर्मशिक्षण द्यायचे, धर्मगुरूंचे म्हणणे लोकांपर्यंत आणि लोकांचे धर्मगुरूंपर्यंत पोचवायचे. जपानी भाषा तो झपाट्याने शिकला, हे त्याच्या चरित्रांत सगळीकडे सांगितलेले असते. भल्याभल्या युरोपीय धर्मगुरूंना जी भाषा वर्षानुवर्षे झटूनही नीट येत नव्हती, ती याच्या तोंडात सहज बसली. आठ वर्षे त्याने हे काम केले. आपणही येशूसंघात यावे, रीतसर व्रते घ्यावीत, अशी त्याची इच्छा होती. ती मान्य झाली नाही.

का झाली नाही? त्या काळात पूर्वेकडच्या येशूसंघाची सूत्रे आलेस्सांद्रो व्हालिन्यानो या इटालियन धर्मगुरूंकडे होती. माणूस दूरदृष्टीचा. जपानी लोकांना बरोबरीने वागवा, त्यांच्या चालीरीती शिका, त्यांना संघात घ्या, असा त्यांचा आग्रह असे. पण हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि मिश्र रक्ताच्या माणसांना संघात घेण्याच्या मात्र ते विरोधात होते. वसईच्या गोन्सालोला दोन्हीकडून फाटा बसत होता. बापाच्या बाजूने तो पुरता पोर्तुगीज नव्हता आणि जपानी तर नव्हताच! काम त्याच्याकडून घ्यायचे, पण पायरीच्या आत घ्यायचे नाही.

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी कुणाला या भागाशी आपले काही जुळते असे वाटले, तर मला नवल वाटणार नाही.

गोन्सालोने ते काम सोडले आणि व्यापारात उतरला. या निर्णयाचे मला फार कौतुक वाटते. रुसून बसला नाही, घरीही परतला नाही. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, सचोटी होती. पूर्वेकडच्या बंदरांत त्याचा जम बसला आणि धंदा एका ठिकाणचा चार ठिकाणी वाढला. जपानात त्याचा चांगला मित्रपरिवार होता. आजच्या भाषेत ‘सेटल’ झाला म्हणायचे.

पण आतले काही स्वस्थ बसू देत नव्हते. व्यापाराच्या निमित्ताने तो मनिलाला जात असे. तिथे हुआन पोब्रे नावाच्या एका फ्रान्सिस्कन बंधूंची गाठ पडली. ‘पोब्रे’ म्हणजे स्पॅनिशमध्ये गरीब. हे गृहस्थ नावाप्रमाणेच राहत. असिसीच्या संत फ्रान्सिस यांचा हा संघ मुळात गरिबीचे व्रत घेणाऱ्यांचा. ज्याच्या हातात पैसा खेळत होता त्या गोन्सालोला हेच भावले. चालता धंदा सोडून तो या संघात गेला. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा बंधू म्हणून. म्हणजे मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार नाही, वाट्याला सेवा आणि पडेल ते काम. येशूसंघाने ज्याला दाराबाहेर ठेवले त्याला फ्रान्सिस्कनांनी आत घेतले. (इथून पुढे आपणही त्यांना अहो-जाहो करू.)

दुभाषी

जपानात तोपर्यंत बरेच बदलले होते. तोयोतोमी हिदेयोशी हा साध्या घरातून वर आलेला सेनानी साऱ्या जपानचा सर्वेसर्वा झाला होता. त्याने १५८७ साली परदेशी मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला, पण तो कडकपणे राबवला नाही, कारण पोर्तुगीज जहाजांचा व्यापार त्याला हवा होता. १५९२ मध्ये त्याने कोरियावर स्वारी केली आणि मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरलाही आपले मांडलिकत्व पत्करण्याचा निरोप धाडला.

मनिलात धावपळ उडाली. एक दूत जाऊन आला, पण परतीच्या वाटेवर त्याचे जहाज बुडाले. मग १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून पाठवायचे ठरले. त्यांना जपानी येत नव्हते. दरबारातल्या दुभाष्यांवर विसंबायचे तर तो आपले शब्द कसे फिरवील याचा नेम नाही. विश्वासाचा आणि भाषा जाणणारा माणूस एकच होता, वसईचे बंधू गोन्सालो.

आयटीमधल्या मंडळींना ही भूमिका नीट कळेल. एका बाजूला क्लायंट, दुसऱ्या बाजूला आपली टीम आणि मध्ये ऑनसाइट को-ऑर्डिनेटर! जमले तर श्रेय दोन्ही टोकांना, फसले तर बोल मधल्याला. इथे तर क्लायंट म्हणजे हिदेयोशी होता, ज्याच्या एका शब्दावर मुंडकी उडत. कोरियाच्या स्वारीसाठी त्याने क्यूशू बेटावर नागोया येथे मोठी छावणी उभारली होती (हे आजचे नागोया शहर नव्हे). तिथे त्याची आणि या वकिलांची भेट झाली. त्याला हवी होती मनिलाची शरणागती. यांना द्यायची होती फक्त मैत्री. दोन्हींमधले अंतर शब्दांनी सांभाळायचे काम गोन्सालोंचे होते. त्यांनी ते निभावले. मनिलाहून पुढचे उत्तर येईपर्यंत फ्रान्सिस्कनांनी जपानातच राहावे असे ठरले आणि राजधानी क्योतोमध्ये त्यांना जागाही मिळाली.

तिथे त्यांनी चर्च आणि मठ बांधला. शेजारी दवाखाने सुरू केले आणि त्यांत महारोग्यांना घेतले. महारोग्याला घरात न घेणारा तो काळ. त्यांच्या जखमा धुणारे हे अनवाणी साधू लोकांच्या नजरेत भरले. पुढे ओसाकातही त्यांचे घर झाले. उघडपणे उपदेश चालू होता, माणसे येत होती.

येशूसंघीयांना हे आवडत नव्हते आणि त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. हुकूम अजून रद्द झालेला नव्हता. ते स्वतः जपून, आवाज न करता राहत होते आणि हे नवे लोक राजधानीतच घंटा वाजवत होते. शिवाय जपान हे येशूसंघाचे क्षेत्र, असे पोपचे १५८५ चे फर्मानही त्यांच्याकडे होते. त्यात एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश! दोन्ही देशांचा राजा तेव्हा एकच होता, पण ईर्षा कायम होती. आपल्याकडे एका गावात दोन मंडळे झाली की काय होते ते सांगायला नको.

सान फेलिपे जहाज

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेले ‘सान फेलिपे’ नावाचे प्रचंड स्पॅनिश जहाज वादळांत सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. त्यावर मौल्यवान माल खच्चून भरला होता. हिदेयोशीचा खजिना कोरियाच्या युद्धाने आटत चालला होता. माल जप्त झाला. त्या वेळी जहाजाच्या सुकाणूवाल्याने नकाशा दाखवून बढाई मारली, की आमचा राजा आधी मिशनरी पाठवतो आणि मागून फौज, अशी हकिगत सांगितली जाते. असे खरेच घडले का, यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज तेव्हापासून भांडत आले आहेत. घडले असो वा नसो, हिदेयोशीला निमित्त मिळाले. आणि हिंदुस्थानातल्या आपल्यासारख्या वाचकाला ती शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. वसईतही तलवार आणि क्रूस एकाच जहाजातून उतरले होते.

योगायोग असा, की हुआन पोब्रे याच नावाचे एक फ्रान्सिस्कन बंधू या जहाजावर होते. फेलिपे दे हेसूस नावाचा एक तरुण मेक्सिकन फ्रान्सिस्कनही होता. तो दीक्षा घेण्यासाठी मायदेशी निघाला होता.

डिसेंबर १५९६ मध्ये क्योतो आणि ओसाका इथल्या मठांभोवती पहारे बसले. अखेर चोवीस जणांची यादी पक्की झाली. तिच्यात सहा फ्रान्सिस्कन होते. पेद्रो बाउतिस्ता, गोन्सालो आणि तो मेक्सिकन फेलिपे हे त्यांतलेच. पॉल मिकी यांच्यासह तीन जपानी येशूसंघीय होते. बाकीचे साधे जपानी ख्रिस्ती, कोणी दवाखान्यात राबणारे, कोणी मठात पडेल ते काम करणारे, आणि त्यांच्यात बारा वर्षांचा लुई इबाराकी नावाचा मुलगा.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. गाड्यांत बसवून क्योतो, ओसाका आणि साकाई या शहरांतून त्यांची धिंड काढली. मग ऐन थंडीत, जवळपास महिनाभर, सुमारे ८०० किलोमीटर चालवत नागासाकीला नेले. एवढा लांबचा पल्ला मुद्दाम निवडला होता. वाटेवरच्या प्रत्येक गावाने बघावे आणि नागासाकीत तर ख्रिस्ती वस्ती सगळ्यांत मोठी. वाटेत या कैद्यांची सेवा करायला मागोमाग चालणारे दोघे जणही धरले गेले आणि चोवीसांचे सव्वीस झाले.

या महिन्याभरात गोन्सालोंच्या मनात काय आले असेल, हा विचार मला सोडत नाही. पहारेकऱ्यांचे बोलणे, रस्त्यावरच्या लोकांचे बोलणे हे परदेशी साधूंपैकी त्यांना सर्वांत चांगले कळत होते. इतर युरोपीय साधूंना जो नुसता कोलाहल होता, तो त्यांच्यासाठी अर्थासकट येत होता. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या देशात ते पोरवयात आले, ज्याची भाषा जवळजवळ आपली केली, तोच देश आता त्यांना वधस्तंभाकडे चालवत नेत होता.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने मांडले होते. दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी त्यांना क्रुसाला जखडले, क्रूस उभे केले आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसून त्यांना मारले. सर्वांत आधी क्रुसावर चढवले गेले ते गोन्सालो, असे परंपरा सांगते. लहानग्या लुईला धर्म सोडलास तर सोडतो असे सांगून पाहिले होते. तो बधला नाही. या साऱ्याचा वृत्तांत लिहिणाऱ्यांत जहाजावरचे हुआन पोब्रेही होते. गोन्सालोंचे वय तेव्हा साधारण चाळीस होते.

मागे काय राहिले

जपानने १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी घातली. धर्मगुरू हाकलले किंवा मारले गेले. तिकडे रोममध्ये १६२७ साली या सव्वीस जणांना ‘धन्यवादित’ म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीचा मान मिळाला आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. गंमत बघा, त्या दिवशीही जपानात बंदी कायमच होती. परदेशी लोकांपुरती सूट मिळाल्यावर फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीत ओउरा येथे एक चर्च बांधले आणि ते याच सव्वीस संतांना अर्पण केले. मार्च १८६५ मध्ये जवळच्या उराकामी गावची काही माणसे तिथे आली आणि आम्हीही याच श्रद्धेचे आहोत असे त्यांनी हळूच सांगितले. अडीचशे वर्षे, धर्मगुरू नसताना, चोरून, आईबापांकडून मुलांकडे जात ती श्रद्धा टिकली होती! धार्मिक इतिहासात याला तोड कमी आहे आणि तिच्या मुळाशी निशिझाका टेकडीची आठवण होती. बंदी १८७३ मध्ये उठली. संतपदाच्या शताब्दीला, १९६२ साली, टेकडीवर सव्वीस ब्राँझ मूर्तींचे स्मारक उभे राहिले. अबुधाबीला येऊन गेलेले पोप फ्रान्सिस त्याच वर्षी, २४ नोव्हेंबर २०१९ ला, त्या स्मारकापाशी उभे होते. तरुणपणी जपानला मिशनरी म्हणून जावे अशी त्यांची इच्छा होती. ते २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले.

मेक्सिकोने आपला फेलिपे डोक्यावर घेतला. मेक्सिको शहराचा तो आश्रयदाता संत आहे. क्वेर्नावाका शहराच्या कॅथेड्रलच्या भिंतींवर या सव्वीस जणांच्या प्रवासाची जुनी चित्रे आहेत. म्हणजे वसईच्या माणसाच्या अखेरच्या यात्रेचे चित्र मेक्सिकोच्या भिंतीवर!

ब्राझीलची गोष्ट तर मला सगळ्यांत जास्त आवडली. तिथे मिश्र वंशाच्या लोकांना ‘पार्दो’ म्हणत. त्यांना दीक्षेची आणि मानाची दारे बहुतेक बंदच असत. १७४५ साली रेसिफे शहरातल्या पार्दो लोकांनी गोन्सालो गार्सिया यांचा मोठा उत्सव केला. हा आमच्या रंगाचा संत, असा त्यांचा दावा होता. त्यावर वाद झाला. आई हिंदुस्थानातली, मग तो पार्दो कसा? एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूने प्रवचनातून त्यांची बाजू मांडली आणि ते प्रवचन पुढे छापलेही गेले. ज्या मिश्र रक्तामुळे गोन्सालोंना एका संघाचे दार बंद राहिले, त्याच रक्तामुळे समुद्रापलीकडच्या अनोळखी लोकांनी त्यांना आपले मानले. रिओमध्ये आजही त्यांच्या नावाचे चर्च आहे.

आणि वसईत? धन्यवादित झाल्यापासून किल्ल्यात त्यांचा सण होत असे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. आपल्या इतिहासातला तो अभिमानाचा दिवस आहे आणि माझ्यासाठी तो तसाच राहील. तहात राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना त्यांचा धर्म पाळण्याची मुभा दिली होती, हेही त्या विजयाला शोभणारेच. पण पोर्तुगीज आणि त्यांचे धर्मगुरू गेले, शहर ओस पडले आणि किल्ल्यातला सण थांबला. चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा त्या मोहिमेतल्याच म्हणून ओळखल्या जातात. सण थांबल्यानंतर सहाच वर्षांनी ब्राझीलमध्ये तो सुरू होतो, या तारखा शेजारी ठेवल्या की थक्क व्हायला होते.

आसपासच्या गावांतले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी मात्र तिथेच राहिले. आपापल्या बोली बोलत, आपली केळीची वाडी आणि होडी सांभाळत राहिले. त्यांनीच पुढे गोन्सालोंना पुन्हा घरी आणले. गास गावात त्यांच्या नावाचे चर्च आहे, वसईत कॉलेज आहे. वसईचा वेगळा धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला. ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (ते २०२४ मध्ये गेले) याच मातीतले.

ऑक्टोबर २००८ मध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळाले. त्या पहिल्या भारतीय महिला संत. पण काही बातम्यांत ‘महिला’ हा शब्द गळला आणि त्या पहिल्या भारतीय संत ठरल्या. आमच्या वसईकर मित्राला ते अजून लागते. गोन्सालो तर १८६२ चे! त्यावर कुणी म्हणते, वडील पोर्तुगीज होते ना, मग भारतीय कसे? मला हे पटत नाही. जन्म वसईचा, आई वसईची, पंधरा वर्षे वसईचे पाणी प्यायलेला माणूस वसईचाच. आणि हा प्रश्न उद्या आपल्या दुबईत जन्मलेल्या मुलांनाही कोणी ना कोणी विचारणार आहेच.

चर्चच्या जागतिक दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीला ‘पॉल मिकी आणि त्यांचे सोबती’ असे लिहिलेले असते. गोन्सालो त्या सोबत्यांमध्ये आले. ५ तारीख दुसऱ्या एका संताची आहे म्हणून हा एक दिवसाचा फरक. आपल्याकडच्या फ्रान्सिस्कन परंपरेचा धागा तर अगदी जवळचा आहे. दक्षिण अरबस्तानचा धर्मप्रांत सांभाळणारे कॅपुचिन हे फ्रान्सिस्कन परिवारातलेच आणि जेबेल अलीचे चर्च असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्याच नावाचे आहे.

गेल्या सुट्टीत मुलीला घेऊन पुन्हा किल्ल्यात गेलो. वसई रोडला उतरून पश्चिमेकडून रिक्षा केली. आधी चिमाजी आप्पांचा पुतळा पाहिला, त्यांची गोष्ट सांगितली. मग आत, ‘येशूचे पवित्र नाव’ या चर्चपाशी गेलो. किल्ल्यात गोन्सालोंचा वार्षिक सण आता इथेच साजरा होतो. दर्शनी भिंत अजून ताठ उभी आहे. मुलीने विचारले, हा मुलगा परत आला का? नाही म्हटल्यावर तिने थोडा वेळ त्या भिंतीकडे बघितले आणि मग शहाळे मागितले.

मित्राने त्या चर्चचा फोटो मागितला होता, तो तिथूनच पाठवला. शिवाय सुकेळी आणायला सांगितली होती, तीही बाजारातून घेतली. ती दुबई विमानतळावर बॅगेतून सुखरूप बाहेर आली, पण ऑफिसात पोचायच्या आत निम्मी संपली होती.